बाळंतपणाच्या खोलीतला कापूस

बारा फेब्रुवारी. उपकेंद्राच्या तपासणीचा चार पानी तक्ता भरायचा होता. मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षिका आहे, असे तक्ते भरण्यातच नोकरी गेली. या खेपेचं उपकेंद्र कारंज्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या वस्तीत. शेवटचा रस्ता नुसता नावाला. पोचेपर्यंत माझी कंबर आणि ड्रायव्हरचं तोंड, दोन्ही बिघडली होती.

स्वागताला सरपंचबाईंचे यजमान हजर. सरपंच बाई आहेत असं कागद सांगतो, त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. यजमानांनी शाल आणि नारळ पुढे केला. तपासणीला आलेल्या बाईला भर दुपारी शाल कशाला, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. दोन्ही ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि इमारतीकडे निघाले.

इमारत नुकतीच गुलाबी रंगवलेली. दारंखिडक्या निळ्या ऑइलपेंटनं चकाकत होत्या. बाळंतपणाचं लोखंडी टेबल धुऊन बाहेर कडुनिंबाखाली मांडलेलं, त्यावर झेंडूची माळ. टेबलाचंच लग्न असावं तसं.

"टेबल एकदम तयार हाय मॅडम. पाहून घेजा," यजमान म्हणाले.

"बाहेर का ठेवलं?"

"उजेडात चांगलं दिसते."

अंगणाच्या कडेला दिवस भरलेली एक पोर सासूसोबत बसली होती. मी विचारण्याआधीच वस्तीतली आशाताई बोलली, "आठ दिवसांत होईल हिचं. पहिलं पोरगं जीपमधीच झालं, घाटात. ड्रायव्हर बाहेर उभा राहून बिड्या फुकत होता."

"आता नाई म्हणते," सासूनं पुस्ती जोडली. "मेली तरी चालते, म्हणते, पण गाडीत नाई व्हाचं."

पोर निळ्या दाराकडे बघत होती. तिचं म्हणणं मला समजलं. माझ्या तक्त्यात मात्र त्याला जागा नव्हती. तक्त्यात 'भिंतींचा रंग नियमानुसार आहे काय' हा रकाना होता.

"खोली उघडा," मी म्हटलं.

कुलूप निघालं, दार निघेना. ऑइलपेंट वाळून दार चौकटीला चिकटलं होतं. रंगाऱ्यानं दार उघडून रंगवायचं असतं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"उघडाचं काम कुठं पडते मॅडम," यजमान बोलून गेले. "आजवरचे साहेब व्हरांड्यातूनच पाहून गेले."

आशाताई घरून लोखंडी सब्बल घेऊन आली, तेही मोठ्या हौसेनं. दोन दणक्यांत दार सुटलं आणि कापूस माझ्या पायांवर सांडला. आत खिडकीच्या वरपर्यंत गंजी.

"कोणाचा हा?"

सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं. मग सासू म्हणाली, "आमच्या तं उशीतही एवढा नाई, बाई."

बायका हसल्या. यजमानांनी हसणाऱ्यांकडे नीट पाहून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "भाव चढून राह्यला मॅडम. महिन्याभरात काढून घेतो. तुम्ही 'सुरू आहे' लिहून टाका ना."

"आणि ही महिनाभर थांबेल?"

"तिले गाडी करून देतो ना आपण!"

मोठा दानशूर. मी लिहिलं: बंद. आत सरपंचांच्या घरचा कापूस. पण आमचं खातं मला ठाऊक आहे. शेरा टेबलावरून टेबलावर जाईल, खुलासा मागवतील, खुलाशावर खुलासा येईल, तोवर हिचं लेकरू रांगायला लागेल. म्हणून यजमानांना सांगितलं, उद्या आठला मी परत येते, कापूस दिसला तर मीच काढते. ते हसले. रात्री जीपनं परत जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे बघून हसतात तसे.

इथली सिस्टर राहते तालुक्याला, उगवते मंगळवारी. तिला फोन लावला.

"मॅडम, मुलीची बारावी आहे हो."

"पेपर तिला द्यायचेत. तू आठ दिवसांची बॅग भर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सिस्टरला जीपमध्ये घालून मी वस्तीत पोचले. कापूस तसाच होता. पदर खोचला, चादर अंथरली, पहिली मोट मीच बांधली. आशाताईनं हाक मारली तशा बायका आल्या, त्या सासूसकट. मोटा डोक्यावर घेऊन सगळा कापूस यजमानांच्या अंगणात नेऊन टाकला. ते आतून फोनवर कोणाला तरी 'साहेब, साहेब' करत होते. कापसातल्या किड्यांनी माझे हात कोपरापर्यंत खाजत होते. फरशी फिनाइलनं दोनदा धुतली, झेंडूची माळ फेकली, टेबल आत लावलं. सिस्टरनं तोंड वाकडं करत आपली बॅग कोपऱ्यात ठेवली. मग मी त्या पोरीला टेबलावर झोपवलं आणि पोट तपासलं. बाळाचं डोकं खाली होतं, हवं तसं.