व्याह्यांसाठी आणलेला खोल पाण्यातला मासा

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि व्याही पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. आमच्यात त्या जेवणाला मोठ्या माशाची तुकडी लागते. बारीक मासळी वाढली तर मुलीकडच्यांनी हात आखडला म्हणतात. मी पनवेलच्या खाडीत जन्म काढलेला माणूस, माझ्या घरी व्याह्यांच्या ताटात कोलंबी? आदल्या दिवशी सकाळीच एसटीनं करंजाच्या बंदरावर गेलो.

पोचेपर्यंत सुरमई व्यापाऱ्यांनी लिलावात उचललेली. पण रिकाम्या हातानं परतणं माझ्या रक्तात नाही. लांबच्या दर्यातून आलेल्या एका बोटीपाशी एक मासा एकटाच पडला होता. दीड हात लांब, काळपट तपकिरी, डोळे हे मोठे, आणि अंगावर हात फिरवला तर किसणीवर फिरवल्यागत. त्याला कुणी बोलीच लावेना.

खलाशी म्हणाला, "बाबा, खोलातला हाय तो. आमी नाय खात."

"तुमी नाय खात म्हून मासा वाईट झाला व्हय?" म्हणून मी तोच घेतला.

घरी बायकोनं पिशवीत डोकावून विचारलं, "याचं नाव काय?"

"मासा."

"ते मांजरालापन ठावं हाय. ज्याला नाव नाय त्याला पाव्हन्याच्या ताटात जागा नाय. आदी तुमी खावा. आज."

"खातो की! भितो काय?"

तव्यावर तेल घालायची गरजच पडली नाही. तुकड्या आपल्याच तेलात तळल्या. मांस पांढरंशुभ्र, जिभेवर लोण्यासारखं. ताटभर तुकड्या मी एकट्यानं संपवल्या आणि म्हणालो, "उद्या व्याही बोटं चाटतील, बघ."

ती म्हणाली, "उद्या बघू."

सकाळी पोटात कळ नाही, गुरगुर नाही. पण लेंग्याला मागून नारिंगी तेलाचा डाग. आपल्याला कळतसुद्धा नाही, कधी सुटतं ते. लेंगा बदलला, पुन्हा तेच. जुन्या बोटीचं इंजिन गळतं तसा मी गळत होतो. उरलेला मासा बायकोनं परसात पुरला आणि फ्रिजमधून खाडीतला मोठा जिताडा काढला. बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या आपल्या बहिणीकडून तिनं तो आदल्या संध्याकाळीच आणून ठेवला होता. इतक्या वर्षांत तिनं मला बरोबर ओळखलंय.

दुपारी व्याही आले. पाटावर बसायची माझी छाती होईना. मी मोरीच्या दाराला टेकून उभा.

"याहीबुवा, बसा ना," ते म्हणाले.

"तुमी जेवा. मी मागनं बसतो."

दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्यांचा चेहराच उतरला. पहिल्या जेवणाला मुलीचा बाप पंगतीला बसत नाही, म्हणजे सोयरीक त्याच्या मनात नाही. ताटावरचा त्यांचा हात थांबला. लेक आतून माझ्याकडं बघत होती. तेव्हा मग लाज गुंडाळून ठेवली. म्हणालो, "खोलातला मासा खाल्लाय काल. किसणीसारख्या अंगाचा."

व्याह्यांना हसून ठसकाच लागला. "तेल सुटलं?"

"सुटलं म्हंजे? थांबंना."

त्यांनी पुष्कळ वर्षं लांबच्या बोटींवर काढलेली. ते सांगू लागले, हा मासा दिवसभर खोल अंधारात राहतो, रात्री माकूल, म्हणजे स्क्विड, खायला वर चढतो. डोळे मोठे ते अंधारासाठी. अंगात भरलेलं तेल पाण्याहून हलकं, म्हणून त्याला तरंगायला फार मेहनत पडत नाही. पण ते तेल मेणाच्या जातीचं. माणसाच्या पोटाला पचत नाही, जसंच्या तसं बाहेर येतं. "मला दोन दिस पुरलं," ते म्हणाले. "बोटीवर लपायलापन जागा नव्हती!"

चवीला मात्र तसा मासा मी दुसरा खाल्ला नाही, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

"ते खरं हाय," व्याही म्हणाले. मग उठले, आपला पाट आणि जिताड्याचं ताट उचललं आणि मोरीच्या दारात माझ्या पायांशी येऊन जेवायला बसले.