बडनेऱ्याला पडलेल्या टाक्या

नर्सिंग शिकून मी अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले, ते साठ सालाच्या आगेमागे. मुलांच्या खोलीत आठ खाटा होत्या आणि ऑक्सिजनची टाकी एकही नव्हती. दवाखान्यातली एकुलती एक टाकी ऑपरेशनच्या खोलीत असायची. माझ्यापेक्षा उंच, काळी, खांद्याशी पांढरी, भिंतीला साखळीने बांधलेली. आमच्याकडे लागली तर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, मोठ्या डॉक्टरांनी ती मंजूर करायची, मग ऑपरेशनच्या सिस्टरने टाकी सोडायची. आदल्या हिवाळ्यात मी अशीच चिठ्ठी घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी उभी असताना दीड वर्षांचा एक मुलगा गेला. परत आले तर आईने त्याला पदराखाली घेतलं होतं. मला वाटलं, पाजते आहे.

पुढच्या हिवाळ्यात मोर्शीकडच्या एका खेड्यातून एक जोडपं सकाळच्या एसटीने दहा महिन्यांची मुलगी घेऊन आलं. बाप संत्र्याच्या बागेत रखवालीला होता. मुलीच्या पोटावर बिब्ब्याचे डाग होते, म्हणजे डबा झाला, छाती भरली, म्हणून गावातले उपाय करून झाले होते. श्वास इतका जोरात चालला होता की प्रत्येक वेळी बरगड्यांखाली खड्डा पडायचा. ओठ जांभळे. आमचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी पेनिसिलिन सुरू केलं आणि चिठ्ठी लिहिली.

मोठे डॉक्टर चिखलदऱ्याला गेले होते. कुणी पाहुणे आले होते, त्यांना डोंगर दाखवायला.

मी चिठ्ठी घेऊन ऑपरेशनच्या खोलीत गेले. तिथल्या सिस्टर माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या.

"सही कुठं आहे?"

"ते नाहीत, सिस्टर. लेकरू निळं पडलंय."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे. टाकी रिकामी झाली तर मी काय सांगू?"

"माझ्याकडून लिहून घ्या. मी जबाबदार."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. त्या कठोर होत्या असं मी म्हणणार नाही. एक टाकी आणि दोन दारं, त्यात त्या एका दाराशी उभ्या होत्या.

दोन हमालांनी टाकी काठावर फिरवत फिरवत आणली, तर ती उघडायचा पाना सापडेना. मी फाटकाबाहेरच्या सायकलवाल्याकडे धावले. तो भला माणूस दुकान उघडं टाकून पाना घेऊन माझ्यामागे आला. तोटी घट्ट बसली होती, म्हणून त्याने खिशातून तेलाची बुधली काढली. मी इतक्या मोठ्याने ओरडले की खोलीतली सगळी मुलं एकदम रडायला लागली. ऑक्सिजनला तेल लागलं तर भडका उडतो, हे त्याला कुठून माहीत असणार? तेलाचे हात साबणाने धुवून, पाना पुसून त्याने तोटी उघडून दिली.

पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे यायला लागले. मी रबरी नळी मुलीच्या नाकाशी बसवली आणि गालावर चिकटपट्टी लावली. थोड्या वेळाने तिच्या ओठांचा रंग बदलला. मी दुसऱ्या खाटेकडे वळले, तेवढ्यात बाप बाहेरून आला आणि त्याने नळी ओढून काढली.

"काय करता तुम्ही?" मी त्याचा हातच धरला.

"नळी लावली का माणूस जाते, बाई. माह्या भावाले लावली होती. तासाभरात गेला."

"तो नळीनं नाही गेला. नळी उशिरा लावली म्हणून गेला."

"मले नाई पायजे. घरी नेतो आमी तिले."

मी त्याला अडाणी म्हणाले. लेकराच्या जिवावर उठलात, असंही म्हणाले. हे बोलायला नको होतं. शेवटची घटका आली की नळी लावायची, हे लोकांनी आमच्याच दवाखान्यांत पाहिलं होतं. त्यांनी दुसरा कोणता अर्थ काढायचा?

मुलीची आई खाटेच्या कडेला बसली होती. मी नळीचं टोक तिच्या गालाजवळ धरलं.

"हवाच आहे, माय. पाहा. दुसरं काही नाही यात. आता हिच्या नखांकडे पाहत राहा."

नळी पुन्हा लावली. आई वाकून त्या इवल्या नखांकडे पाहत बसली. निळी होती, ती हळूहळू गुलाबी झाली. तिने मान वर केली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी भाईर बसा. मी सांगतो तुमाले."

त्यानंतर तिने नळी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. चिकटपट्टी सुटायची, मुलगी डोकं हलवायची, की ही दोन बोटांनी नळी पुन्हा नाकाशी नेऊन धरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा काटा खाली आला होता आणि ऑपरेशनच्या सिस्टर टाकी मागायला दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांची विनवणी केली. ऑपरेशन दुपारपर्यंत पुढे ढकललं गेलं, त्यापलीकडे नाही. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तीन भरलेल्या टाक्या आठ दिवसांपासून बडनेऱ्याच्या स्टेशनावर येऊन पडल्यात."

"मग आणत का नाहीत?"

"भांडारवाले सुटीवर आहेत. माल सोडवायची बिल्टी त्यांच्या कुलपातल्या खणात."

मला आधी खरंच वाटेना. ज्या टाकीसाठी आम्ही एकमेकींच्या तोंडाला लागत होतो, तशा तीन टाक्या पाच-सहा मैलांवर आडव्या पडून होत्या, आणि मधे होता एक खण.

माझी पाळी दुपारी दोनला संपणार होती. मी दुसऱ्या नर्सला लवकर बोलावून घेतलं आणि बापाला म्हणाले, "चला माझ्यासंगं." तो आदल्या दिवशीचं सगळं ऐकून घेतलेला माणूस. मुकाट्याने उठला.

आम्ही टांगा करून आधी बडनेऱ्यालाच गेलो. वाटलं, समजावून सांगू. मालधक्क्यावरचे बाबू नीट बोलले. त्यांनी टाक्यासुद्धा दाखवल्या, छपराखाली, गोणपाट टाकलेल्या. "पण बाई, बिल्टीशिवाय मी माल कसा सोडू? माझी नोकरी जाईल." त्यांचं बरोबर होतं. त्या दोन दिवसांत मला भेटलेला प्रत्येक माणूस आपापल्या जागी बरोबर होता, आणि त्यामुळेच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

तोच टांगा परत फिरवला. भांडारवाले राजापेठेकडे राहायचे. घरी मुलीच्या लग्नाची तयारी चालली होती, अंगणात बायका पापड लाटत होत्या. ते ओसरीवर पाहुण्यांशी बोलत होते.

"सोमवारी येतोच आहे मी कामावर."

"सोमवारपर्यंत ही मुलगी राहणार नाही."

"सिस्टर, नियमानं मोठ्या डॉक्टरांचं पत्र लागतं."

बाप माझ्यामागे उभा होता, हातात टोपी. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, माही पोट्टी तिकडं हवेसाठी तरसून राह्यली, अन् हवा स्टेशनावर पडून हाय."

भांडारवाले काही बोलणार तोच दारातून त्यांच्या बायकोने विचारलं, "केवढं लेकरू आहे?" मी म्हणाले, दहा महिन्यांचं. ती आत गेली, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि माझ्या हातात न देता नवऱ्यापुढे धरला. "तुम्हीच जा अन् काढून द्या. पाहुण्यांना मी पाहते." पाहुण्यांसमोर त्यांना उठावंच लागलं.

दवाखान्यातल्या खणातून बिल्टी घेऊन पुन्हा बडनेरा. परतताना बंडी मिळाली. तीन टाक्या तुराट्यांवर निजवून आम्ही निघालो. बैल आपल्या चालीने चालत होते. बाप सगळी वाट बंडीला हात लावून पायी चालला, जणू त्याने ढकललं की ती लवकर पोचणार होती.

ऊन उतरता उतरता पोचलो. जुनी टाकी दुपारीच ऑपरेशनला गेली होती. मुलीचे ओठ पुन्हा काळपट झाले होते, मान टाकली होती. आई तिला छातीशी उभी धरून तोंडापुढे सुपाने वारा घालत होती. डॉक्टर शेजारी नुसते उभे. मी अंगाची धूळही न झाडता टाकी लावून घेतली. खूप वेळ काही फरक दिसला नाही. मग आईच म्हणाली, "नखं पाहा, बाई."

मुलगी जगली. दहाव्या दिवशी नळीशिवाय अंगावर प्यायला लागली आणि नंतर गावी गेली. जाताना बाप माझ्याकडे पाहून हसला, मीही हसले. अडाणी म्हटल्याची माफी मागायची राहूनच गेली.

माफी मला दुसरीकडे मागावी लागली. मोठे डॉक्टर चिखलदऱ्याहून आल्यावर मला कागद मिळाला: मंजुरीशिवाय टाकी हलवली, परवानगीशिवाय भांडार उघडायला लावलं, खुलासा करावा. मी दोन पानं लिहिली. त्या मेलेल्या मुलाचंसुद्धा लिहिलं. आमच्या तरुण डॉक्टरांनी ती वाचली आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, हे देऊ नका. दोन ओळी लिहा, चूक झाली म्हणून. नोकरी राहील." मी दोन ओळी लिहिल्या. पूर्वीसारखीच एक टाकी ऑपरेशनच्या खोलीत बांधली गेली, उरलेल्या दोन भांडारात कुलपात गेल्या, आणि चिठ्ठीची पद्धत जशी होती तशीच राहिली.

उन्हाळ्यात अकोल्याला घरी गेले तेव्हा वडिलांना हे सगळं सांगितलं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर कुणापुढे वाकायचं नाही, असं त्यांनी आम्हा भावंडांना बसवून सांगितलं होतं. ते चहा पीत ऐकत होते. मुलगी वाचली म्हटल्यावर खुश झाले. पुढचं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग तू माफी कायची मांगितली?"

मी म्हणाले, नोकरीसाठी.

त्यांनी कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. नोकरीचं मोल आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. पण ते बोलले असते, रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं.