नेहमीच्या जागी

सकाळपासून पडद्यावर तीच लाल ओळ: लायब्ररी सापडली नाही. आमचा जावाचा प्रोग्रॅम ज्या एका लायब्ररीच्या फाइलवाचून उभाच राहत नाही, तिचा पत्ता बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जुळवायच्या सूचनांमध्ये, असा लिहिलाय: डी ड्राइव्ह, मेधा, नवीन, फायनल. मेधा माझ्याआधी इथे बसायची. ती नोकरी सोडून गेली आणि तिचा कॉम्प्युटरही पुसला गेला. फोन केला तर म्हणते, "अगं स्मिता, माझ्याकडे तर चालत होतं!"

चालणारच! आईसुद्धा बाहेर जाताना सांगायची, "किल्ली नेहमीच्या जागी आहे." नेहमीची म्हणजे कुणाची, हे बंद दाराशी उभं राहिल्यावरच कळतं.

चरफडत एका जुन्या मेलमधून ती फाइल शोधली, माझ्याकडे ठेवली, पत्ता बदलला. लाल ओळ गेली. मग मी लिहिलेला पत्ता वाचला: डी ड्राइव्ह, स्मिता, नवीन, फायनल.