पंगतीची रेकॉर्ड

मला जुन्या इंग्रजी रेकॉर्ड गोळा करायचा नाद आहे. त्यातही ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्हच्या, आणि त्यातही अशा बँडच्या, ज्यांची गाणी त्यांच्या स्वतःच्या गल्लीतसुद्धा कुणी ऐकली नसतील. न्हावऱ्यात राहून, सणसवाडीच्या कंपनीत स्टोअर सांभाळून असला नाद करणारा तालुक्यात मी एकटाच असेन. याचा अभिमान वगैरे नाही, पण स्पर्धा नसल्यानं बरं पडतं.

माल दौंडला मिळायचा. तिथल्या रेल्वे बंगल्यांतली काही अँग्लो-इंडियन कुटुंबं कायमची परदेशी निघाली, तेव्हा त्यांचं सामान स्टेशनजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आलं. पलंग, कपाटं लगेच उचलली गेली. रेकॉर्डचे गठ्ठे तेवढे धूळ खात पडले. मी ते मागितले तेव्हा दुकानदाराला जो आनंद झाला, तेवढा माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही झाला नव्हता.

कव्हरवर बहुतेक वेळा चार फिकट पोरं लांब कोट घालून भिंतीला टेकलेली असत. चौघंही कॅमेरा सोडून भलतीकडंच बघायची. बायको म्हणायची, "ह्यांना घरी कुणी इचारत न्हाई वाटतं." आत सिंथेसायझर, मशीनचे ड्रम आणि नाकात गाणारं एखादं दुःखी माणूस. मला हे का आवडतं ते सांगता येत नाही. दिवसभर प्रेस मशीनचा ठेका कानावर घेतल्यावर घरी तोच ठेका सुरात ऐकला की बरं वाटतं, एवढंच.

आई गेली त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जेवण टाकलं. रुसवा नाही, कुरकुर नाही. ताट पुढं आलं की एक तुकडा मोडायचा, आमटीला लावायचा आणि म्हणायचं, "बास झालं." अंगातला सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसायला लागला. शिरूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, यांनी जेवलं पाहिजे. तेवढं आम्हालाही कळत होतं. बायकोनं मग उपाय काढला. संध्याकाळी घरात सगळ्यांच्या आधी आबांचं ताट. ताजी मऊ भाकरी, वर तूप. त्यानंतर आबा आणखीच कमी खायला लागले. आईच्या मागोमाग हेही जातात की काय, अशी धास्ती मी घेतली होती. बोललो कुणाजवळ नाही, पण कंपनीत माल मोजताना माझे आकडे चुकत होते.

अशात एका सुट्टीच्या दिवशी, दिवेलागणीला, मी दौंडहून आणलेली एक रेकॉर्ड लावली. वर्षभर घरातच होती. उगाच नाचरी, फारसा दम नाही, असं माझं तिच्याविषयी मत. ती मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं वाजवायची, पण प्लेअरचं बटण आधीच्या रेकॉर्डमुळं तेहतीसवरच राहिलं होतं. गाणं निघालं ते संथ, जड, गाणाऱ्या बाईचा आवाज पार बाप्याचा झालेला. बटणाकडं गेलेला माझा हात तसाच राहिला. हे गाणं मला लहानपणापासून पाठ होतं.

आमच्या गावच्या लाऊडस्पीकरवाल्या मामांची लग्नातली पद्धत ठरलेली होती. हळदीला एक रेकॉर्ड, नवरदेव आला की दुसरी, आणि पंगत बसली की ही. कर्ण्यातून ती ऐकू आली की वस्तीवरची माणसं हातातलं काम टाकून मांडवाकडं निघायची. मामांनीही ती दौंडहूनच आणलेली असणार. वेग ते मुद्दाम कमी ठेवायचे. म्हणायचे, "जेवताना माणसाला घाई करू न्हाई." कुठल्या तरी परदेशी बाईनं नाचायला म्हणून केलेल्या गाण्यावर न्हावरं आणि शेजारचं निमोणं वर्षानुवर्षं बुंदी खात आलं होतं.

आतल्या खोलीतून आबांनी विचारलं, "कुणाची पंगत हाय?"

आबा म्हणजे गावचे वाढपी. लग्न कुणाचंही असो, धोतर खोचून बुंदीची बादली घ्यायचे ते आबाच. ते बाहेर येऊन ताठ बसले. मी बायकोला खूण केली. तिनं लगबगीनं ताट आणलं.

"आबा, जेवा. तुमचीच पंगत हाय."

आबांनी ताट बाजूला सारलं. चांगलेच चिडले होते. "आरं, वाढप्यानं आधी जेवायचं असतं व्हय? पाव्हणं बसलं का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस उभ्या जन्मात कुणाच्या आधी जेवला नव्हता. लग्नात वाढप्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, आणि घरीही तसंच. शेवटचं पोर उठलं की मगच आई त्यांना हाक मारायची. आणि आम्ही काळजी म्हणून रोज त्यांना पहिलं बसवत होतो, ते घास मोडतील म्हणून उपाशी पोटी त्यांच्याकडं बघत राहत होतो.

मी पोरांना बोलावलं. आम्ही सगळे ओळीनं भिंतीला पाठ लावून बसलो. आबा उठले, आमटीचं पातेलं घेतलं आणि वाढायला लागले. खाली एक थेंब सांडला नाही. "घ्या, लाजू नका," मला, माझ्याच घरात. गाणं संपलं की मी डाव्या हातानं पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचो. आबा आग्रह करत राहिले आणि आम्ही पाहुण्यांसारखे खात राहिलो.

ताटं उचलल्यावर बायको म्हणाली, "आबा, झाली समद्यांची. बसा आता." आई अगदी हेच म्हणायची.

आबा बसले. भाकरी संपवली, वर बोटं चाटली आणि म्हणाले, "आजून एक आण." मला रडू फुटलं. टोपलीत भाकरी उरलीच नव्हती, पाहुण्यांनी सगळी संपवली होती. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.