अवसेचा तोडा

माझ्या वयाच्या बाईने सुट्टीच्या दिवशी काय करावं याबद्दल आमच्या सोसायटीत बरीच मतं आहेत. तलवार घेऊन राक्षस मारावेत, असं त्यातलं एकही मत नाही. मी तेच करते. लॉकडाऊनमध्ये कंटाळून हा ऑनलाइन खेळ सुरू केला आणि मग तो सुटलाच नाही. जादूची दुनिया, आकाशात दोन चंद्र, शिंगं असलेले घोडे, आणि माझ्यासारख्याच कुठकुठल्या रिकामटेकड्यांनी मिळून केलेली एक टोळी. ऑफिसात माझ्या टेबलावरची फाईल वर्षभर जागची हलत नाही. इथे मी एका घावात पूल तोडते. वैतागही तेवढाच आहे म्हणा. आठवडाभर जीव काढून ड्रॅगनला टेकीला आणावं आणि ऐन वेळी नाशिक रोडची लाईट जावी! लाईट येईपर्यंत ड्रॅगन मजेत असतो आणि मी मेलेली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, या भानगडीत पडतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शहराला लागून आमचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. तो नव्या रस्त्यात गेला. आई आधीच गेली होती, म्हणून आप्पांना मी माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन आले. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. बाल्कनीत कुंड्या आणल्या, तर म्हणाले, "ताटलीत काय शेती करायची?" एकदा हट्टाने त्यांना रिक्षात घालून मळ्याकडे नेलं, तर सगळीकडे पत्र्याचं कुंपण. आप्पा फटीला डोळा लावून बराच वेळ उभे होते. नंतर त्यांनी मळ्याचं नाव काढलं नाही. खरं तर कशाचंच काढलं नाही.

एका रविवारी मी खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले.

"ही तलवारवाली कोण?"

"मी."

"आन हे पड पडलंय ते कोणाचं?"

आमच्या टोळीच्या किल्ल्यात बागेचा एक तुकडा होता. लढाईत लागणारं औषध तिथल्या निळ्या फुलांपासून होतं, पण लावणार कोण? सगळ्यांना तलवारीच हव्या. आप्पांना पड जमीन बघवत नाही. मी त्यांना जुना लॅपटॉप दिला, एक दाढीवाला बुटका बागवान निवडून दिला आणि बाग त्याच्या नावावर केली. महिन्याभरात किल्ल्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही, इतकी फुलं.

रोज अंघोळ करून, गंध लावून बसायचे. हेडफोन चढवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवले का रे पोरांनो?" टोळीतली पोरं कुणी इंदूरची, कुणी कोइम्बतूरची, मराठीचा गंध नाही. पण "हां अप्पाजी, जेवले" एवढं सगळ्यांनी पाठ केलं. माझ्याशी दिवसभरात चार शब्द न बोलणारा हा माणूस कोइम्बतूरच्या पावसाची चौकशी करायचा! मला हेवा वाटायचा, आणि हायसंही वाटायचं. त्यांना पुन्हा जमीन मिळाली होती, माणसं मिळाली होती. ते तेवढं टिकावं, याहून मला काही नको होतं.

मग किल्ल्यावर हल्ल्याची वेळ आली. दुसरी एक मोठी टोळी रविवारी संध्याकाळी चालून येणार होती. आधीचं औषध संपलं होतं, आणि आप्पांच्या नव्या कळ्या नेमक्या त्याच सकाळी उमलल्या. सगळी पोरं खूश. बाग ज्याच्या नावावर, त्यानेच फुलं तोडायची, असा खेळाचा नियम.

"आप्पा, तोडा लवकर."

"आज तोडा नाय. अवस हाय."

आमच्या घरात अमावस्येला कधीच फुलं तोडली नाहीत. त्या दिवशी बाजारातले लिलावही बंद असायचे, त्यामुळे कोणाचं अडायचं नाही. आज अडत होतं.

"आप्पा, अहो हा खेळ आहे!"

"तुझ्यासाठी हाय."

"तिथे बघा, दोन-दोन चंद्र आहेत, दोन्ही पूर्ण!"

"ते तिथलं. मी इथं बसलोय ना? उद्या सकाळी ताजी ताजी देतो म्हणावं."

मी त्यांच्या माऊसकडे हात नेला. त्यांनी अडवलं नाही. आपला हात काढून मांडीवर ठेवला आणि नजर खाली केली. मला त्या माऊसला बोट लावता आलं नाही. आजही लावता येणार नाही.

संध्याकाळी औषधावाचून आमची माणसं पटापट पडली. किल्ला गेला, किल्ल्याबरोबर बाग गेली. मी टोळीला माझ्या मोडक्या हिंदीत अमावस्या समजावत बसले. एकाने हसरं तोंड पाठवलं. टोळीचा म्होरक्या सभ्य माणूस. म्हणाला, दीदी, नियम सबके लिए है, ऐन लढाईत जो मदत करत नाही तो बाहेर. आप्पांचं नाव काढून टाकणारं बटण त्याच्याकडे होतं. माझ्याकडे नुसतं तोंड होतं, आणि ते चालवून काही उपयोग झाला नाही; त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा आप्पा गंध लावून लॅपटॉपपुढे बसलेले. "अवस सुटली. आता घेतो तोडून." मी चपला घालून दारातच थांबले. सांगायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, पण मी नुसती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

बुटका बागवान किल्ल्याच्या दारापुढे उभा राहिला. दार उघडलं नाही. वर दुसऱ्यांचा झेंडा होता. जाळीतून आतली निळी फुलं दिसत होती, तशीच, न तोडलेली. आप्पांनी हेडफोन नीट बसवला.

"जेवले का रे पोरांनो?"

थोडं थांबून पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळले.

"कोणी बोलत नाय."

"आप्पा, किल्ला गेला आपला. बागही गेली."

ते पडद्याजवळ वाकले आणि त्या जाळीतून आत बघत राहिले. बराच वेळ. मग तसेच वाकलेले असताना मला म्हणाले, "इथूनबी रस्ता काढणार हायेत का?"