उजव्या चाकाची मोगरी

उत्तरेश्वर वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस खडकीजवळच्या एका छपराखाली प्रेसवर लोखंडी पत्रे दाबणारा कंत्राटी कामगार होता. चैत्रातल्या एकादशीला मात्र शनिवार पेठेतली जुनी माणसेही त्याला ‘मोगरीवाले’ म्हणत आणि अहोजाहो करीत. त्या दिवशी श्रीरामाचा रथ निघे, आणि रथाच्या उजव्या चाकाची मोगरी त्याच्या हातात असे.

मोगरी म्हणजे लांब दांड्याची बाभळीची पाचर. रथाला ना लगाम, ना ब्रेक. शे-दोनशे माणसे दोर ओढतात. थांबवायचा तो पुढच्या दोन्ही चाकांखाली एकाच वेळी मोगऱ्या सारून. रथावर उभे असलेले मानकरी नागोराव हात उंचावून घंटेचा टोल देत: लावा. पुन्हा टोल: काढा. मोगरीवाल्याने दिवसभर निरंकार उपास धरायचा, अनवाणी चालायचे आणि चाकावरची नजर हलवायची नाही. देवाकडेसुद्धा पाहायचे नाही. एक मोगरी लागली आणि दुसरी राहिली, तर रथ लागलेल्या बाजूला वळतो. तिथे ओट्यांवर आरतीची ताम्हणे घेऊन बायका उभ्या असतात.

हा मान त्याच्या वडिलांनी मिळवला होता. सोनबा बार्शीकडचे सुतार. एका वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी रथाचा आस चिरला, तो त्यांनी एका दिवसात नवा घडवून बसवला आणि मजुरीऐवजी मोगरी मागितली. त्यांच्यानंतर अठरा वर्षे ती उत्तरेश्वरकडे होती.

तो ज्या कारखान्यात कायम होता, तो शहाण्णव साली बंद पडला. मोटारींचे नवे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारी छपरे उभी राहिली, आणि तो तशा एका छपराखाली लागला. आठ वर्षे प्रेस कानाशी आदळत राहिला. कानात घालायला काही मिळेल का, असे त्याने एकदा विचारले, तेव्हा मुकादम म्हणाला, “कापूस आण की घरून.” दोन हजार चारच्या संक्रांतीपर्यंत उजवा कान गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता.

पहिल्यांदा कळले ते हेमाला, त्याच्या बायकोला. “अहो, कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय.”

“मोजत होतो,” तो म्हणाला.

कानाचे डॉक्टर स्पष्टवक्ते होते. यंत्र लावले तर गर्दीचा गलका मोठा ऐकू येईल. त्यातून घंटा वेगळी निघणार नाही. घरी आल्यावर हेमा म्हणाली, “नागोरावांना सांगून टाका. एखादा माणूस चाकाखाली गेला तर?”

“सांगितलं की मान गेला. मग माझ्याजवळ उरतं काय, ते तूच सांग.”



तोड काढली मुलीने. भाग्यश्री एका कॉल सेंटरमध्ये परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत असे. तिने जुना मोबाइल आणला, आवाज बंद करून थरथर तेवढी चालू ठेवली आणि बापाच्या सदऱ्याच्या खिशात घातला. “बाबा, नागोरावकाकांचा हात वर गेला की मी मिस्ड कॉल देणार. थरथरला की लावा, पुन्हा थरथरला की काढा.”

“आणि नाही थरथरला तर?”

“दिवसभर मी हेच करते, बाबा. लागतो फोन.”

आठवडाभर त्यांनी तालीम केली. ती मोरीच्या दाराशी हात वर करी, आणि तो स्वयंपाकघरात पाटाखाली लाटणे सारी. हेमा पाहत राही.

एकादशीला चाकांची पूजा झाली. आसाला एरंडेल चोपडले, मोगरीला हळद लावली, चाकापुढे कोहळा फोडला. डाव्या चाकाशी नागोरावांचा मुलगा अवधूत होता. दोघांमध्ये झेंडूच्या माळांचा दाट पडदा. भाग्यश्री गर्दीच्या कडेने, ओट्याओट्यांवरून चालू लागली. तिला माणसांच्या डोक्यांवरून नागोरावांचा हात तेवढा दिसत होता.

मंडईपर्यंत सारे बिनबोभाट पार पडले. खिसा थरथरे, मोगरी बसे. उत्तरेश्वरच्या पाठीवरचा घाम वाळू लागला. दिवेलागणीच्या आत रथ मंदिरात पोहोचायचा असतो, म्हणून परतीला ओढणाऱ्यांनी वेग घेतला. केबलसाठी खणून कशीबशी बुजवलेल्या उतारावर रथ आला, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या कानाला मोबाइल होते.

नागोरावांचा हात वर गेला. भाग्यश्रीने बटण दाबले. लाइन व्यग्र. पुन्हा दाबले. पुन्हा व्यग्र.

टोल पडला. अवधूतने मोगरी लावली. उत्तरेश्वरसमोरचे चाक फिरतच राहिले, आणि एकाएकी ते तिरपे झालेले त्याला दिसले. तेव्हा त्याला उमगले. त्याने सारे अंग लोटून मोगरी सारली. पाचर फुटली, पण चाक अडले. डाव्या ओट्यावर एका म्हातारीच्या हातातले ताम्हण रथाच्या खांबाला लागून खाली पडले. खांब आणि तिची छाती यांत वीतभर अंतर होते.

मग खिसा थरथरला.

देवस्थानचे पंच माधवराव पुढे आले. निवृत्त मास्तर. त्यांनी फुटकी पाचर उचलून पाहिली. “जुनं लाकूड. फुटायचंच. पुढच्या वर्षी नवी करून घ्या, मोगरीवाले.”

ओठांवरून त्याला अर्धेमुर्धे कळले, आणि तेवढे पुरेसे होते. गप्प राहिले तरी भागणार होते. म्हातारी अजून ताम्हणातली हळद जमिनीवरून गोळा करीत होती.

“लाकूड चांगलं आहे,” उत्तरेश्वर म्हणाला. “मला घंटा ऐकू येत नाही. संक्रांतीपासून.”

नागोराव रथावरून खाली वाकले. “आणि आज सकाळपासून काय चाललं होतं, उत्तरेश्वरा?”

तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. त्याने मोगरीचा दांडा अवधूतच्या हातात दिला. राखीव पाचर ठोकून बसवली गेली, डावीकडे दुसरा माणूस उभा राहिला, अवधूत उजव्या चाकाशी बसला.

उत्तरेश्वर माणसांत जाऊन उभा राहिला. आता वर पाहायला कोणाची हरकत नव्हती. तरीही त्याची नजर चाकावरच होती. पलीकडे, गर्दीमागे, भाग्यश्रीला यातले काहीच दिसले नव्हते. नागोरावांचा हात वर गेलेला तेवढा दिसला. उत्तरेश्वरचा खिसा थरथरला, आणि त्याच क्षणी अवधूतने मोगरी काढली.