निवट्यांचा नेम

श्रीलंकेत जाफन्याकडे तैनात असताना भिवाजीला स्वप्न पडायचं ते बायकोचं नव्हे, निवट्यांचं. शेवंतीला त्यानं हे कधी सांगितलं नाही, हे त्याचं शहाणपणच म्हणायचं. ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलावर टुणटुण उड्या मारणारी ही बोटाएवढी, बटबटीत डोळ्यांची मासळी. बाहेरचा माणूस ती बघून नाक मुरडतो. मुरडो बापडा. चेंदणी कोळीवाड्यात मात्र तिच्या लालभडक कालवणाचा वास आला की शेजारपाजारचे उगाचच ख्यालीखुशाली विचारायला येतात.

सत्त्याऐंशी साली भिवाजी सुट्टीवर होता आणि पलटणीतून तातडीचं बोलावणं आलं. त्या दिवशी चुलीवर नेमकं हेच कालवण होतं. ते शिजायच्या आत तो निघाला. त्याच्या आईनं, जनाबाईनं, अख्खा टोप शेजारी देऊन टाकला आणि एकवीरा आईपुढे नेम धरला, की पोराच्या ताटात वाढीन तेव्हाच माझ्या तोंडात निवटी जाईल.

तिकडे भिवाजीला गोळी चाटूनही गेली नाही. घात केला तो पाण्यानं. डबक्यातलं पाणी प्यायचं, मग हगवण, मग औषध. पुन्हा हगवण, पुन्हा आणखी जालीम औषध. नव्वद साली लष्करानं त्याला आजारी म्हणून घरी पाठवलं तेव्हा शौचावाटे रक्त पडत होतं आणि वर्दी अंगावर लोंबत होती. कोळीवाडा विचारायचा, लढाईत कुठं लागलं? तो सांगायचा, पोटाला. आणि नेमकं काय ते कळलं, की पोरंटोरं तोंड फिरवून हसायची. त्याचा त्याला फार राग यायचा, पण रागावायचं तरी कुठल्या तोंडानं?

खोपटला दवाखाना असलेल्या डॉक्टर उत्तराबाईंनी त्याला समजावून सांगितलं. "भिवाजी, आतड्यांत चांगले जंतूही असतात. ते अन्न पचवतात, आपली राखण करतात. तुमच्या इतक्या औषधांत वाईटांबरोबर तेही मेले असावेत. आता तुमच्या शरीराची पलटण बावचळली आहे. आपल्याच आतड्यांना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जाते. ती शांत करायला गोळ्या देते. आणि चांगले जंतू वाढायला हवेत, म्हणून रोज दही खा. तिखट आणि मासळी मात्र बंद."

आपल्याच माणसांवर चालून जाणारी पलटण. भिवाजीनं एवढंच लक्षात ठेवलं. जनाबाई सोबत होती, तिनं भलतंच ऐकलं.

घरी येऊन ती शेवंतीला म्हणाली, "डाक्टरीण येडी हाय गो. पोटान जंत वाढवाला सांगतंय माझे पोराला." आणि तिनं गुपचूप जंतांवरचा वावडिंगाचा कडक काढा त्याला पाजायला सुरुवात केली. भिवाजीचे जे हाल झाले ते विचारू नका. जंतू वेगळे आणि जंत वेगळे हे शेवंतीनं तिला समजावलं, तेव्हा ती माऊली काढ्याचं भांडं घेऊन खाडीवर गेली आणि भांड्यासकट बुडवून आली.

वर्षं गेली. दुखणं कधी निवायचं, कधी उसळायचं. भिवाजी गुरगुट्या भात आणि दही खायचा. शेजारून कालवणाचा वास आला की घास हातात धरून थांबायचा. जीव नुसता तुटायचा त्याचा. पण त्याहून जास्त तुटायचा नेम पाळणाऱ्या आईकडे बघून. पंगतीत निवट्या आल्या की जनाबाई ताटावर हात धरायची. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "मना नाय आवडत." जिचा अर्धा जन्म चिखलात निवट्या पकडण्यात गेला ती बाई असं म्हणायची.

चौऱ्याण्णव साली ती अंथरुणाला खिळली. काही गोड लागेना. भिवाजी खोपटला गेला आणि त्यानं सरळ विचारलं, "म्याडम, मी मासळी कधी खाणार?"

उत्तराबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "हा आजार जन्माची सोबत आहे, भिवाजी. आत्ता तर पोट पुन्हा सुजलंय. एक तिखट घाससुद्धा महागात पडेल."

तो उठला तो थेट खाडीवर. ओहोटी होती. गुडघाभर चिखलात उतरून त्यानं हातानं निवट्या धरल्या. घरी येऊन शेवंतीला म्हणाला, "आईच्या मसाल्यात कर. डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली." शेवंतीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि तिनं चूल पेटवली.

जनाबाईला उशीला टेकवून बसवलं. पळी हातात देऊन तिच्याकडूनच भिवाजीच्या ताटात वाढून घेतलं.

"खरा बोलतंस? खावाचा हाय तुना?" तिनं विचारलं.

"खरंच, आये."

त्यानं घास घेतला, चावला, गिळला. मग दुसऱ्या घासातला काटा काढून तो आईच्या तोंडाशी नेला. जनाबाईनं तोंड उघडलं. डोळे मिटून ती सावकाश चघळत राहिली, ओठांना लागलेला रस्साही तिनं चाटून घेतला.

पुढचे कित्येक दिवस कसे जाणार हे भिवाजीला ठाऊक होतं. पण ज्या घासासाठी एवढी वर्षं झुरला, त्याची चव कशी होती हे मात्र त्याला कधीच सांगता आलं नाही. तो सगळा वेळ आईच्या तोंडाकडे बघत होता.